एकतीस नंबरची मुळी

"...ते सगळं प्रबंधात वाचलं मी. मी विचारतेय, मुळी वळते कशी?"

हुद्दार बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की बाईंना समोरचं धड दिसत नाही. म्हणजे आता त्या नुसतं ऐकणार.

"बाई, हे तर बारावीचं आहे," ऋतुराज म्हणाला.

"मग सोपं जाईल तुला."

ऋतुराज खराडे हा बाईंचा पीएच.डी.चा शेवटचा विद्यार्थी. शुक्रवारची दुपार होती. सोमवारी बाई निवृत्त होणार होत्या, आणि सोमवारीच ऋतुराजला प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता. पहिल्या पानावर बाईंची सही हवी. ती झाली की जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत त्याच्यासाठी धरून ठेवलेली जागा त्याची. नाही झाली तर जागा दुसऱ्या कुणाची.

मी रंगराव. माळावरच्या या मका संशोधन केंद्रात सव्वीस वर्षं परिचर आहे. पोरं मामा म्हणतात. दाणे मोजायचे, कागद भिजवायचे, मुळ्या धुवायच्या, कागद वाळवायचे, आणि मध्ये मध्ये चहा. मला कुणी काही विचारत नाही, त्यामुळे माझं ऐकणं चांगलं आहे.

"दाणा कसाही पडला तरी मुळी खालीच वळते," ऋतुराज म्हणाला. तो घडाघडा बोलतो. "मुळीच्या टोकाला खालची दिशा कळते. मग ऑक्झिन हे संप्रेरक मुळीच्या खालच्या बाजूला जास्त साठतं."

"साठलं. मग ती बाजू जोरात वाढते?"

"नाही. खोडात तसं होतं. मुळीत उलटं. जास्त साठलं की खालची बाजू वाढायची थांबते. वरची वाढत राहते. म्हणून टोक खाली झुकतं."

"म्हणजे मुळी वळते ती थांबल्यामुळे."

"एका बाजूनं थांबल्यामुळे."

"आणि दोन्ही बाजूंना सारखंच पोचलं तर?"

"तर वळत नाही. तोंड असेल तिकडं सरळ जाते." तो हसला. "तेच तर माझं एकतीस नंबर."

एकतीस नंबर काय ते सांगतो. आमच्याकडे मक्याच्या वाणांना नंबर असतात. बारा नंबर शहाणं. ओल्या कागदात आडवं ठेवलं की एका दिवसात त्याची मुळी खाली. एकतीस नंबर हट्टी. आडवी ठेवलेली मुळी आडवीच पळते.

ऋतुराजनं चार वर्षं त्याच्यामागं घालवली. बारा आणि एकतीस यांचा संकर केला, त्याची पोरं, नातवंडं उगवली, हजारो मुळ्यांचे कोन मोजले, आणि कोणत्या जनुकामुळं मुळी वळत नाही ते हुडकून काढलं. ते जनुक ऑक्झिनला खालच्या बाजूला पोचवतं, एकतीसमध्ये ते बिघडलंय, असा त्याचा शोध. जनुकाला नाव ठेवलं दिशा. गेल्या महिन्यात त्याचं बारसं केलं प्रयोगशाळेत. फळ्यावर पाळणा काढला, पेढे वाटले. मी दोन खाल्ले, खोटं कशाला बोलू.

पोरगा हुशार आहे. फक्त आपण हुशार आहोत हे त्याला सकाळी उठल्यापासून आठवत असतं.

"शेतात बघितलंस का एकतीस?" बाईंनी विचारलं.

"शेतात शंभर गोष्टी असतात बाई. माती असते, ओल असते, दगड असतात. शेतातल्या मुळीवरून काही सिद्ध होत नाही."

"रंगराव, तुम्ही खणलंय ना?"

मी किटली खाली ठेवली. "खणलंय."

"कसं होतं?"

"सरळ खाली. बारा नंबरसारखंच. भाद्रपदात वारं सुटलं तेव्हा नऊ नंबर, सतरा नंबर झोपले. एकतीसचं एक ताट हललं नाही."

"मामा, त्या आधारमुळ्या असतात, खोडाच्या कांड्यावरून फुटतात त्या," ऋतुराज समजावणीच्या सुरात म्हणाला. "मी दाण्यातून निघणाऱ्या पहिल्या मुळीबद्दल बोलतोय."

सव्वीस वर्षं मी मुळ्या धुतोय. आधारमुळी कुठली न् पहिली मुळी कुठली हे मला आता हा सांगणार. पण मी गप्प बसलो. गप्प बसायचा पगार मिळतो असं आमची मंडळी म्हणते.

"बरं," बाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेत तू काय करतोस ते सांग. पहिल्या दिवसापासून."

"पान सत्तेचाळीसवर..."

"तोंडानं सांग."

ऋतुराजनं घड्याळात बघितलं. मग बोटांवर मोजत बोलायला लागला. "ओला कागद पसरायचा. त्यावर ओळीत वीस दाणे. वर दुसरा ओला कागद. गुंडाळी करायची, रबर लावायचं, बादलीत उभी करायची. तीन दिवस. चौथ्या दिवशी गुंडाळी आडवी. चोवीस तासांनी उघडून कोन मोजायचा."

"हे सगळेच करतात."

"सगळे इथवरच करतात. म्हणून त्यांचे आकडे गढूळ येतात." आता तो खुर्चीत पुढं सरकला. "काही मुळ्या मुळातच वाकड्या निघतात. त्या आडव्या केल्या तर कोनात चूक येणार. म्हणून आडवं करण्याआधी मी प्रत्येक गुंडाळी उघडतो. वाकडे दाणे काढून टाकतो. सरळ मुळीचे तेवढे चिमट्यानं उचलून नव्या कागदावर मांडतो, परत गुंडाळतो, मग आडवं. देशात कुणी एवढा चोखपणा करत नाही. जर्मनीच्या लोकांनी मुलाखतीत याच गोष्टीचं कौतुक केलं."

"उचलतोस."

"हो."

"जुन्या कागदावरून."

"हो. अलगद. दाण्याला धरून. मुळीला चिमटा लागू देत नाही."

बाईंनी चष्मा चाचपून उचलला. घातला नाही, हातातच ठेवला.

"आणि जुना कागद?"

"टाकतो."

"कुठं?"

ऋतुराजला खरंच माहीत नव्हतं. चार वर्षांत त्यानं तो कागद टेबलाच्या कडेवरून खाली सोडला होता, आणि पुढं त्याचं काय होतं हे बघायचं त्याला कारण नव्हतं.

"रंगराव, आणा," बाई म्हणाल्या.

आमच्या केंद्रात वापरलेला कागद फेकत नाहीत. मी तो मागच्या दोरीवर वाळवतो आणि कुंड्यांच्या बुडाशी घालतो, म्हणजे माती वाहून जात नाही. ही माझी स्वतःची युक्ती. वाळवताना कागद हातातून जातो. श्रावणात मला पहिल्यांदा दिसलं. ज्या कागदावर पेन्सिलीनं एकतीस लिहिलेलं, त्याच्यावर बारीक बारीक ठिपके. खसखशीएवढे. ओळीत, जिथं जिथं मुळीचं टोक होतं तिथं. बारा नंबरच्या कागदावर जवळजवळ नाहीतच.

मी ऋतुराजला सांगितलं. तो म्हणाला, "बुरशी असेल मामा." दुसऱ्या दिवसापासून त्यानं दाण्यांना औषध चोळलं. ठिपके तसेच. परत सांगितलं. तेव्हा तो संगणकासमोर होता. मान न वळवता म्हणाला, "मामा, तुम्ही कागद वाळवा ना."

मग मी वाळवले. राग आला होता मला. म्हटलं, जाऊ दे, आपल्याला काय. शिकलेल्या माणसाला कोण शिकवणार. तेव्हाच बाईंकडं जायला हवं होतं, गेलो नाही. ते मला अजून लागतं. गेल्या आठवड्यात बाई निवृत्तीच्या आवराआवरीत मागच्या अंगाला आल्या, तेव्हा कुठं मी तो कागद त्यांना दाखवला. बाई त्या दोरीखाली बराच वेळ उभ्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "एकतीसचे दाणे आहेत का आपल्याकडे सुटे?"

मी दोन कागद आणून टेबलावर पसरले. एक बाराचा, एक एकतीसचा. बाईंनी खणातलं भिंग काढून ऋतुराजच्या हातात दिलं.

"हे काय आहे?"

"बुरशीचे गोळे असतील. मामांनी मागं..."

"मोज."

"बाई, माझ्याकडे आज खरंच..."

"मोज."

तो वाकला. बोट फिरवत मोजू लागला. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. एकतीसच्या कागदावर वीस दाण्यांच्या जागा आणि अठरा ठिपके. बाराच्या कागदावर दोन.

"एकतीसवर जास्त आहेत," तो म्हणाला. "एकतीसला बुरशी जास्त लागत असेल."

"एक उचल. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेव."

त्यानं ठेवलं. पाणी पिऊन ठिपका फुगायला वेळ लागतो. आम्ही तिघंही थांबलो. मी चहा ओतला, कुणी घेतला नाही.

ऋतुराजनं भिंग डोळ्याला लावलं. काढलं. परत लावलं. मग खुर्ची मागं ओढून बसला, आणि बसताना त्याचा हात प्रबंधावर आपटला ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

"टोपी आहे," तो म्हणाला.

...

मुळीच्या अगदी टोकाला शिंप्याच्या बोटातल्या अंगुस्तान्यासारखी एक बारकी टोपी असते. पुस्तकात तिला मूलटोपी म्हणतात. माती टोचू नये म्हणून असते, आणि खाली कुठं आहे हे मुळीला तीच सांगते. टोपी निघाली तरी मुळी मरत नाही, वाढायची थांबतही नाही. फक्त तिला खालचं वरचं कळेनासं होतं. मक्याची टोपी तर सहज निघते. हे या इमारतीतल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. ऋतुराजला माहीत नसायचं कारणच नाही.

"उचलताना निघाली," तो हळू म्हणाला. "कागदाला चिकटून राहिली."

"हं."

"म्हणजे मी आडवी करत होतो तेव्हा... मुळ्यांना टोपीच नव्हती."

"हं."

"म्हणून दोन्ही बाजूंना ऑक्झिन सारखं निघालं. बेंगळूरूला तपासायला पाठवलं होतं तेही बरोबर आलं. सगळे आकडे बरोबर आहेत बाई."

"सगळे बरोबर आहेत."

"आणि जनुक?" त्यानं मान वर केली. बुडणाऱ्यानं काडी धरावी तसा हा शब्द त्यानं धरला. "जनुक तर खरं आहे. पोरांत, नातवंडांत, दर पिढीत ते बरोबर उतरलंय. हा योगायोग नाही."

"खरं आहे जनुक. तू शोधलंस, ते कुणी काढून घेत नाही. ते करतं काय?"

त्यानं भिंग परत हातात घेतलं.

"सांग. हुशार आहेस तू."

"टोकाचा चिकटा," तो म्हणाला. "मुळीच्या टोकावरचा बुळबुळीत चिकटा. एकतीसमध्ये तो जास्त चिकट असणार. त्यामुळं टोपी कागदाला धरून बसते. बाराची मुळी टोपीसकट सुटते."

म्हणजे पोरीचं नाव दिशा ठेवलं आणि निघाली चिकट. एरवी मला हसू आलं असतं.

"दीड-दोन दिवसांत टोपी परत येते," बाई म्हणाल्या. "तू चोवीस तासांनी मोजायचास."

"वेळ वाचवायला."

"हं."

मग तो एकदम ताठ झाला. मला वाटलंच होतं. माणूस असा एका झटक्यात खाली बसत नाही.

"पण बाई, हे झालं आपलं बोलणं. सिद्ध कुठं झालंय? टोपी शाबूत असताना एकतीस नंबर वळतं, हे बघितलंय कुणी? मामांनी शेतात बघितलं ते मी धरत नाही. हात न लावता, उघडून न बघता, एकतीसची एक तरी मुळी वळलेली दाखवा. एक. मग मी मानतो."

बाईंनी टेबलाच्या कोपऱ्याकडं हात केला.

तिथं एक लोणच्याची बरणी होती. काचेची, जाड बुडाची, वर पत्र्याचं झाकण. बरणीला आतून ओला टिपकागद लावलेला, आणि कागद नि काच यांच्यामध्ये मक्याचे तीन दाणे. पाचवीतली पोरं करतात तो प्रयोग. मुळ्या बाहेरून दिसतात, उघडावं लागत नाही. सात दिवस ती बरणी तिथं होती. ऋतुराज रोज येऊन तिच्या शेजारी मोबाईल ठेवायचा.

"ही?" तो म्हणाला. "ही तर... ही पडलेली असायची. आडवी."

"मग?"

"मी उचलून नीट ठेवली."

"कितीदा?"

तो आठवू लागला. मला आठवायची गरज नव्हती. मंगळवारी सकाळी तो आला, बरणी आडवी दिसली, त्यानं बोलता बोलता उभी केली. टापटिपीचा आहे तो. बाईंनी ते नुसतं बघितलं. संध्याकाळी तो गेल्यावर त्यांनी ती परत आडवी ठेवली, खाली फडकं दुमडून, घरंगळू नये म्हणून. गुरुवारी सकाळी त्यानं फडक्यासकट उचलून परत उभी केली. वर मला म्हणाला, "मामा, बाईंचं टेबल आवरत जा जरा."

"दोनदा," ऋतुराज म्हणाला.

"झाकणावर काय लिहिलंय?"

त्यानं बरणी जवळ ओढली. झाकणावर पेन्सिलीनं एकतीस लिहिलं होतं. दोन्ही वेळा त्याचा तळवा त्या आकड्यावर पडलेला असणार.

"आता मुळ्या बघ," बाई म्हणाल्या. "उघडू नकोस."

त्यानं बरणी खिडकीच्या उजेडात धरली. मीही वाकून बघितलं. तिन्ही मुळ्या सारख्या. दाण्यातून खाली, मग वळून आडवी, मग वळून खाली, परत आडवी, परत खाली. जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तशा. जेव्हा जेव्हा बरणी फिरली, तेव्हा तेव्हा मुळीनं नवं खाली शोधलं होतं. एकही चुकली नव्हती.

"किती वळणं?"

"चार."

"दोन माझी," बाई म्हणाल्या. "दोन तुझी."

...

ऋतुराजनं बरणी फार सावकाश खाली ठेवली.

"तुम्हाला आठवडाभर माहीत होतं."

"बरणी आडवी ठेवली तेव्हा शंका होती. बुधवारपासून माहीत होतं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"रंगरावांनी सांगितलं होतं."

मी किटलीकडं बघत राहिलो. कधी नव्हे ते वाटलं, आपलं नाव निघालं नसतं तर बरं झालं असतं.

"आणि मीही तुझ्याहून वेगळी नाही," बाई म्हणाल्या. "चार वर्षं तुझ्या सहामाही अहवालांवर सह्या केल्या. आकडे तपासले. एकदाही खाली उतरून कागद बघितला नाही. तो दोष माझा, आणि मला त्याचं वाईट वाटतं."

बाई असं बोलतात तेव्हा ते खरंच असतं. त्यांचा आवाज जराही हलला नव्हता. बत्तीस वर्षांची नोकरी. शेवटचा विद्यार्थी. याचा प्रबंध गेला की मी सुटले, असं त्या दिवाळीपासून म्हणत होत्या.

"आता?" ऋतुराज म्हणाला.

"पेन दे."

त्यानं दिलं, का ते न कळताच. बाईंनी चष्मा घातला, प्रबंध ओढला, पहिलं पान काढलं. जिथं मार्गदर्शकाची सही असं लिहिलं होतं तिथं सही केली. स्वच्छ, पूर्ण नाव. पान त्याच्यापुढं सरकवलं.

"बाई..."

"चार वर्षांत तू एक आकडा खोटा लिहिला नाहीस. त्याला सही आहे."

"पण निष्कर्ष चुकीचा आहे हे आता आपल्याला..."

"सहीच्या खाली तारीख लागते. तारखेशिवाय विद्यापीठ घेत नाही. ती मी घातलेली नाही." त्यांनी पेन परत दिलं आणि चष्मा काढून ठेवला. "तारीख तू घाल."

ऋतुराज पान घेऊन उठला. दारापर्यंत गेला, थांबला, आणि बाहेर पडला.

मी खिडकीतून बघत होतो. मला वाटलं फटफटी सुरू होईल. झाली नाही. आम्ही मुळ्या धुतो त्या नळाच्या कट्ट्यावर तो जाऊन बसला. पान मांडीवर. पेन हातात. टोपण काढलेलं.

बाई कागदांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत होत्या. "चहा द्या त्याला," म्हणाल्या.

मी कप घेऊन गेलो. त्यानं घेतला. बराच वेळ प्याला नाही.

"आईनं ते जर्मनीचं पत्र फ्रेम करून घेतलंय मामा. बैठकीत लावलंय. मामेबहिणीच्या लग्नात आलेल्या सगळ्या पाहुण्यांना दाखवलं."

"हं," मी म्हणालो.

"हे सगळं नव्यानं करायचं म्हणजे आठ महिने. कमीत कमी. तोवर ते लोक थांबणार नाहीत."

"विचारून तर बघा."

"कुणाला कळणार नाही, मामा. कोण उघडून बघतंय? परीक्षक आकडे बघणार. आकडे बरोबर आहेत."

"नाही कळणार," मी म्हणालो. खरं तेच होतं.

नळ ठिबकत होता. त्यानं हात लांब करून तो घट्ट केला.

"तुम्ही मला किती वेळा सांगितलंत?"

"दोनदा. तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं. मी राग धरला."

"तिसऱ्यांदा ऐकलं असतं मी?"

खोटं बोलून त्याचं भलं झालं नसतं. "नाही," मी म्हणालो.

तो हसला. रडकं हसू होतं, पण हसला. मग त्यानं तो गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला आणि कप नळाखाली धरून स्वतः धुतला. सव्वीस वर्षांत माझ्या पोरांपैकी कुणी कप धुतलेला मी बघितला नव्हता. तो उठून आत निघाला, तसा मीही कप घेऊन मागं गेलो.

बाई सुतळीची गाठ मारत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

ऋतुराजनं पान टेबलावर ठेवलं. सही होती. खालची जागा कोरी होती. पेनाला टोपण लावून त्यानं ते पेन पानावर ठेवलं.

"मी जर्मनीला आजच कळवतो," तो म्हणाला. "काय झालं ते सगळं. आठ महिने मागतो. नाही दिले तर नाही."

सुतळीची गाठ बसली.

"पण बाई, तुम्ही सोमवारनंतर..." त्याला शब्द सापडेना. घडाघडा बोलणारा पोरगा. "सोमवारनंतर तुम्ही इथं नसाल."

बाईंनी चष्मा घातला. त्याच्याकडं नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, जणू तो आजच प्रवेश घ्यायला आला होता. मग माझ्याकडं वळल्या.

"रंगराव, तुमच्या घरी लोणच्याच्या रिकाम्या बरण्या किती निघतील?"